बफर कॅशमधील विलंबित लेखन आणि त्याच्या कार्यक्षमतेच्या मापनाचा इतिहास : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः प्रोसेसरच्या वाढत्या वेगाकडे, प्रोग्रामिंगच्या भाषांकडे आणि अलीकडच्या काळात इंटरनेटकडे वेधले जाते. लिहिलेली माहिती डिस्कवर प्रत्यक्षात केव्हा उतरते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वापरकर्त्याने ‘सेव्ह’ची आज्ञा दिली आणि पडद्यावर काम झाल्याची खूण उमटली की नोंद कायम झाली, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. त्या क्षणी ती नोंद बहुधा मेमरीतील एका राखीव जागेत असते आणि तेथून काही सेकंदांनी ती डिस्कवर उतरते. या राखीव जागेस बफर कॅश म्हणतात. मधल्या काळात वीज गेली तर नोंदही जाते, आणि तिच्या जाण्याची वार्ता कोणालाच कळत नाही.

हा विलंब निष्काळजीपणातून आलेला नाही. तो हेतुतः ठेवलेला आहे. डिस्क हे फिरणारे यंत्र आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते. तेवढ्या वेळात प्रोसेसर लक्षावधी आज्ञा पार पाडतो. प्रत्येक लहानसहान लेखनासाठी डिस्ककडे धाव घेतली तर सारी यंत्रणा डिस्कच्या गतीने चालेल. म्हणून लेखने साठवून ठेवायची, एकाच ब्लॉकमध्ये अनेक बदल होऊ द्यायचे आणि मग तो ब्लॉक एकदाच उतरवायचा, ही युक्ती योजली गेली. या युक्तीने किती लेखने वाचली, हे मोजण्याची रीत म्हणजेच बफर कॅशच्या लेखन-कार्यक्षमतेचे मापन होय. या रीतीचा पन्नास वर्षांचा इतिहास तपासला असता असे दिसून येते, की वाचलेल्या लेखनांची संख्या अभ्यासकांनी अतिशय काटेकोरपणे मोजली. परंतु त्या बचतीसाठी काय पणाला लागते, हे मोजण्याकडे ते फार उशिरा वळले. ज्या प्रदेशात वीज भरवशाची असते तेथे ही उणीव फारशी जाणवत नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशात मात्र ती जाणवल्यावाचून राहत नाही.

किर्द, फेरफार आणि स्मरण

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला जालना जिल्हा आज बियाणे आणि पोलाद यांसाठी ओळखला जातो. पण जालन्याची व्यापारी पेठ म्हणून ख्याती त्याहून पुष्कळ जुनी आहे. येथील मोंढ्यातील आडत व्यापाऱ्याच्या दुकानी हिशेब लिहिण्याची जी रीत रूढ होती, ती प्रस्तुत विषयाच्या आकलनास विशेष उपयुक्त ठरते. दिवसभरात झालेला प्रत्येक व्यवहार आधी घडलेल्या क्रमाने रोजकिर्दीत लिहिला जाई. त्या नोंदींची ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी नंतर, सवडीने होई. खतावणी एक दिवस लांबली तरी हिशेब बुडत नसे, कारण किर्दीवरून खाते केव्हाही उभे करता येई. मात्र किर्दीत न लिहिता व्यवहार नुसता डोक्यात ठेवला आणि मुनीम आजारी पडला, तर तो व्यवहार गेलाच.

महसूल प्रशासनातही हीच शिस्त दिसते. १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार खरेदी, वारसा वा वाटणी यांमुळे हक्कात झालेला बदल तलाठी प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितो. त्याची प्रत चावडीवर लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत असल्यास ती तपासली जाते आणि फेरफार प्रमाणित झाल्यावरच त्याचा अंमल गाव नमुना ७ वर दिला जातो. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस आणि नव्या खातेदाराचे नाव दाखल, या दोन गोष्टी एकाच फेरफार क्रमांकाने बांधलेल्या असतात. अंमल देताना काही चूक झाली तर फेरफारावरून ती शोधता येते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही, की या दोन्ही पद्धतींत विलंबाला मुभा आहे, क्रमाला मात्र नाही. किर्दीआधी खतावणी नाही, फेरफाराआधी सातबारावर अंमल नाही. बफर कॅशच्या पहिल्या रचनाकारांनी विलंबाची मुभा घेतली. क्रमाचे बंधन त्यांनी घेतले नाही.

पंधरा बफरांची कॅश

बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स कार्यप्रणालीच्या उभारणीस प्रारंभ केला. १९७४ साली या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात बफर-यंत्रणेचा उल्लेख थोडक्यात येतो : वापरकर्त्याला वाचन-लेखन तत्काळ होत असल्याचे भासते, प्रत्यक्षात मधली यंत्रणा डिस्कच्या फेऱ्यांची संख्या पुष्कळ घटवते, असा त्याचा आशय आहे. किती घटवते, याचा आकडा तेथे नाही.

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत या कॅशमध्ये अवघे १५ बफर होते आणि प्रत्येक बफर ५१२ बाइटांचा होता. म्हणजे एकूण ७,६८० बाइट. आज महाविद्यालयाच्या मुखपृष्ठावरील बोधचिन्हाची प्रतिमादेखील त्यात मावणार नाही. एवढ्या तुटपुंज्या जागेतही लेखनाचे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे केलेले होते. पहिल्यात ब्लॉक डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचे. दुसऱ्यात उतरवण्याची आज्ञा द्यायची पण थांबायचे नाही. तिसऱ्यात आज्ञाही द्यायची नाही, ब्लॉकवर केवळ ‘उतरवायचा राहिला आहे’ अशी खूण करून तो मोकळा सोडायचा. हा तिसरा प्रकार म्हणजे विलंबित लेखन. असा ब्लॉक, त्याच्या बफरची दुसऱ्या कोणाला गरज लागली तर किंवा ‘सिंक’ ही आज्ञा आली तर डिस्कवर जाई. ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्राम दर ३० सेकंदांनी ही सिंकची आज्ञा देत असे.

बचतीचे गणित सोपे आहे. एखादा प्रोग्राम प्रत्येकी १६ बाइटांच्या १,००० नोंदी क्रमाने लिहितो असे मानू. ५१२ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये अशा ३२ नोंदी मावतात. प्रत्येक नोंद थेट डिस्कवर उतरवली तर १,००० लेखने होतील. ब्लॉक भरल्यावर उतरवला तर ३२. म्हणजे कॅशने सुमारे ९७ टक्के लेखने वाचवली. कार्यक्षमतेचे हे सर्वांत मूळ माप होय : मागितलेली लेखने आणि घडलेली लेखने यांचे गुणोत्तर. पुढील बहुतेक मापे याच गुणोत्तराची रूपे आहेत.

थॉम्पसन यांनी १९७८ साली ‘बेल सिस्टीम टेक्निकल जर्नल’मध्ये युनिक्सच्या अंतर्रचनेवर जो निबंध लिहिला, तो या इतिहासातील सर्वांत प्रांजळ दस्तऐवज मानावा लागेल. कॅशचे फायदे सांगून झाल्यावर त्यांनी तिचे तीन दोष नोंदवले. लेखन पुढे ढकलल्यामुळे डिस्कवर चूक झाली तरी ती संबंधित प्रोग्रामला कळवणे जवळजवळ अशक्य होते, हा पहिला. यंत्र अकस्मात थांबले तर तार्किकदृष्ट्या पूर्ण पण प्रत्यक्षात अपूर्ण अशी पुष्कळ लेखने मागे राहतात, आणि ठरावीक काळाने सिंक केल्याने हा प्रश्न सौम्य होतो, सुटत नाही, हा दुसरा. प्रोग्रामने ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने ते डिस्कवर उतरेलच असे नाही, हा तिसरा. पुढील चार दशकांतील बहुतेक संशोधन या तीन वाक्यांचेच भाष्य आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तथापि या तिन्ही दोषांसाठी त्यांनी कोणतेही माप सुचवले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

मापनाचे दशक

मॅककुसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री या बर्कलीच्या संशोधकांनी १९८४ साली नव्या जलद फाइल सिस्टीमचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी लेखनांची संख्या मोजली नाही. डिस्कच्या एकंदर क्षमतेचा किती भाग कामी लागतो हे मोजले. ५१२ बाइटांच्या ब्लॉकची जुनी युनिक्स फाइल सिस्टीम डिस्कच्या क्षमतेच्या केवळ २ टक्के वापरत होती. ब्लॉक दुप्पट केल्यावर हे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले, आणि नव्या रचनेत ते कमाल ४७ टक्क्यांपर्यंत पोहोचले. हे आकडे गाजले आणि गाजण्यासारखेच होते. त्याच रचनेत फाइलींची नावे, आकार, जागा यांसंबंधीची माहिती मात्र विलंब न करता, थांबून लिहिली जात असे. डिरेक्टरीची चौकट मोडू नये, हा त्यामागील हेतू होता. तेवढ्यापुरते क्रमाचे बंधन स्वीकारले गेले आणि त्याची किंमत वेगात मोजली गेली.

कॅशच्या लेखनाचे पहिले विस्तृत मापन १९८५ सालचे. जॉन ऑस्टरहाउट आणि त्यांचे सहकारी यांनी बर्कलीतील तीन व्हॅक्स संगणकांवरील फाइलींच्या वापराची नोंद ठेवली आणि त्या नोंदींवर निरनिराळ्या आकारांच्या कॅशचे अनुकरण चालवून पाहिले. त्यात आढळले, की नव्याने लिहिलेल्या माहितीपैकी २० ते ३० टक्के माहिती ३० सेकंदांच्या आतच पुसली वा बदलली जाते आणि सुमारे निम्मी माहिती पाच मिनिटांच्या आत. जी माहिती इतकी अल्पायुषी आहे तिला डिस्कवर उतरवण्याची घाई कशाला, हा युक्तिवाद त्यातून सहज उभा राहिला. ४ मेगाबाइटांची कॅश डिस्कच्या ६५ ते ९० टक्के फेऱ्या वाचवू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ६५ आणि ९० यांमधील अंतर लेखनाच्या धोरणामुळे पडते. थेट लेखन केले तर बचत कमी, विलंबित लेखन केले तर सर्वाधिक. ३० सेकंदांनी आणि ५ मिनिटांनी उतरवण्याची धोरणे मधल्या जागी.

या पंचवीस टक्क्यांकडे बारकाईने पाहावयास हवे. ही बचत कोरी नाही. ती काही सेकंदांच्या वा मिनिटांच्या असुरक्षिततेच्या मोबदल्यात मिळालेली आहे. संशोधकांना हे ठाऊक होतेच, अन्यथा मधल्या धोरणांची तुलना त्यांनी केली नसती. पण आलेखाच्या उभ्या अक्षावर बचत आली, आडव्या अक्षावर कॅशचा आकार आला आणि जोखमीला अक्षच उरला नाही. पाठ्यपुस्तकांतून पुढे गेला तो हा आलेख.

मोजण्याचे एकक बदलले की निष्कर्ष कसा बदलतो, याचे उदाहरण १९९१ सालच्या पाठपुराव्यात मिळते. मेरी बेकर आणि सहकाऱ्यांनी ‘स्प्राइट’ या प्रणालीत तशीच मापने केली. फाइली मोजल्या तर बहुतांश फाइली ३० सेकंदांच्या आत संपतात हे खरेच ठरले. पण या फाइली लहान असतात, त्यामुळे बाइट मोजले तर चित्र पालटले. कॅशमध्ये लिहिलेल्या बाइटांपैकी सुमारे नऊदशांश बाइट शेवटी उतरवावेच लागत होते. मेमरी वाढल्याने वाचनाची गरज आटली, लेखनाची तितकी आटली नाही. १९९३ साली रुमलर आणि विल्क्स यांनी एचपीच्या संगणकांवर केलेल्या पाहणीत डिस्ककडे येणाऱ्या मागण्यांपैकी ५७ टक्के लेखनाच्या होत्या आणि लेखनांतील ६७ ते ७८ टक्के वाटा फाइलींविषयीच्या माहितीचा होता. खातेवहीपेक्षा तिच्या अनुक्रमणिकेवरच जास्त शाई खर्च व्हावी, तसा हा प्रकार.

दरम्यान ३० सेकंदांच्या त्या जुन्या ‘अपडेट’ प्रोग्रामचीही चिकित्सा सुरू झाली होती. कार्सन आणि सेतिया यांनी १९९२ साली गणिती विश्लेषणाने दाखवले, की सारी राहिलेली लेखने एकदम सोडल्याने डिस्कपुढे रांग लागते आणि काही परिस्थितींत थेट लेखनापेक्षाही वाचकाला अधिक थांबावे लागते. जेफ्री मोगल यांनी १९९४ साली त्यावर तोडगा सुचवला : सर्वांना एकाच ठोक्याला न उतरवता, प्रत्येक ब्लॉकचे वय मोजून ज्याची मुदत भरली त्यालाच उतरवावे.

लेखन-खर्चाचे सूत्र

मेंडेल रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांनी १९९१ साली मांडलेली फाइल सिस्टीम या प्रवासातील सर्वांत धाडसी पायरी होय. लेखन हाच खरा अडथळा असेल तर संपूर्ण डिस्कच किर्दीसारखी वापरावी, सर्व बदल एकापाठोपाठ एक लिहीत जावेत आणि खतावणी ठेवूच नये, अशी त्यांची मांडणी होती. अर्थात वही संपते. जुनी, रद्द झालेली पाने मोकळी करण्यासाठी त्यांतील चालू नोंदी उचलून पुन्हा लिहाव्या लागतात. हा भार धरून त्यांनी ‘लेखन-खर्च’ हे माप बनवले.

त्याची रीत अशी. डिस्कचा एक तुकडा मोकळा करायचा आहे आणि त्यात ८० टक्के चालू माहिती आहे. तो पूर्ण वाचावा लागतो, म्हणजे एक भाग काम. त्यातील ०.८ भाग परत लिहावा लागतो. उरलेल्या ०.२ भागात नवी माहिती लिहिता येते. एकूण काम २ भाग, नवे लेखन ०.२ भाग, म्हणून लेखन-खर्च १०. आदर्श खर्च १ असतो. १० याचा अर्थ डिस्कच्या वेळेचा केवळ एकदशांश भाग नव्या लेखनाच्या कामी आला. लहान फाइलींच्या कामात प्रचलित युनिक्स फाइल सिस्टीम डिस्कच्या क्षमतेच्या ५ ते १० टक्के वापरते, नवी रचना ६५ ते ७५ टक्के वापरू शकते, असा त्यांचा दावा होता. मार्गो सेल्टझर यांनी १९९३ आणि १९९५ साली केलेल्या तुलनांमधून या दाव्याला आव्हान दिले; डिस्क भरत आली आणि काम डेटाबेसच्या धर्तीचे असले की फायदा उरत नाही, असे त्यांना आढळले. त्यावरून झालेला वाद बराच कडवट होता. पण मापाची गुणवत्ता निर्विवाद राहिली. आजच्या सॉलिड स्टेट डिस्कमधील चिप जुनी पाने मोकळी करताना हेच गणित करते.

क्रमाचा प्रश्न आणि पुणे

अकस्मात वीज गेल्यावर नेमके किती नुकसान होते? दर ३० सेकंदांनी सिंक होत असेल तर राहिलेल्या लेखनाचे सरासरी वय १५ सेकंद असते. दिवसातून चार वेळा वीज अचानक गेली तरी टंकलिखित कामापैकी सरासरी मिनिटभराचे काम बुडेल. एवढ्यासाठी कोणी कार्यालय बंद ठेवणार नाही. प्रमाणाच्या अंगाने पाहिले तर विलंबित लेखनाचा सौदा उत्तमच आहे.

अडचण प्रमाणाची नसून क्रमाची आहे. जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करणारा ब्लॉक डिस्कवर उतरला आणि नवे नाव दाखल करणारा ब्लॉक मेमरीतच राहिला, तर जमीन कागदोपत्री कोणाचीच उरत नाही. उलट घडले तर ती दोघांची होते. बुडालेल्या मिनिटाची भरपाई पुन्हा टंकून करता येते. अर्धवट उतरलेली नोंद मात्र पूर्ण नोंदीसारखीच दिसते आणि वारसांच्या वादात किंवा पीककर्जाच्या वेळीच डोके वर काढते. थॉम्पसन यांचा तिसरा दोष तो हाच.

त्यावरील उपाय डेटाबेसच्या क्षेत्रात १९७० च्या दशकातच विकसित झाला होता : प्रत्यक्ष जागी बदल करण्यापूर्वी तो एका क्रमवार नोंदवहीत लिहावा. १९८७ साली हॅगमन यांनी ‘सीडर’ फाइल सिस्टीममध्ये हे तत्त्व वापरले. ग्रेगरी गँगर आणि येल पॅट यांनी १९९४ साली नोंदवही न ठेवताही, कॅशमधील ब्लॉकांच्या परस्परावलंबनाची नोंद ठेवून क्रम राखण्याची वेगळी रीत मांडली. नोंदवहीच्या रीतीला इंग्रजीत जे नाव मिळाले ते ‘जर्नल’. आणि महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकांत जर्नलचा प्रतिशब्द रोजकीर्द असा आहे. मराठी विद्यार्थ्याला ही संकल्पना शिकवताना नवे परिभाषिक नाणे पाडण्याची आवश्यकता नाही.

या तंत्राशी महाराष्ट्राचा संबंध केवळ शब्दापुरता नाही. किर्द ठेवणाऱ्या सुरुवातीच्या आणि दीर्घकाळ टिकलेल्या व्यापारी फाइल सिस्टीमांपैकी एक म्हणजे व्हेरिटास कंपनीची फाइल सिस्टीम. या कंपनीचे मोठे विकसन केंद्र पुण्यात होते. २००५ साली कंपनी सिमेंटेकमध्ये विलीन झाली आणि २०१६ साली पुन्हा स्वतंत्र झाली. पुण्यातील अभियंते या काळात बँका आणि दूरसंचार कंपन्यांच्या डिस्कवरील क्रम राखण्याच्या कामात गुंतलेले होते. पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाचा इतिहास सांगताना संकेतस्थळे आणि कॉल सेंटर यांचाच बोलबाला होतो, हे खेदजनक आहे.

लिनक्समध्ये २००१ साली आलेल्या ‘एक्स्ट ३’ने किर्द सर्वसामान्यांच्या संगणकावर आणली, तिची नोंद दर ५ सेकंदांनी पक्की होई. त्यानंतर आलेल्या ‘एक्स्ट ४’ने बचतीसाठी जागा वाटपाचाच निर्णय लांबणीवर टाकला आणि २००९ च्या प्रारंभी वीज गेल्यावर शून्य बाइटांच्या फाइली हाती आल्याच्या तक्रारी वाढल्या. किर्दीत फाइलीचे नाव होते, तिच्यातील मजकूर कॅशमध्येच राहिला होता. वेग आणि क्रम यांतील जुनाच व्यवहार नव्या रूपात परतला होता. रचनाकारांना त्यासाठी खास सवलती घालाव्या लागल्या.

थॉम्पसन यांच्या पहिल्या दोषाची आठवण तर थेट २०१८ साली झाली. ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या विकसकांना आढळले, की विलंबित लेखन डिस्कवर फसल्यास लिनक्स ती चूक एकदाच कळवते आणि तो ब्लॉक उतरल्याची खूण करून मोकळी होते. पुन्हा सिंक केले तर सर्व ठीक असल्याचे उत्तर मिळते. २०१९ च्या प्रारंभी डेटाबेसमध्ये दुरुस्ती झाली : अशी चूक येताच काम थांबवायचे आणि किर्दीवरून सर्व पुन्हा उभे करायचे. चाळीस वर्षांपूर्वी एका परिच्छेदात लिहून ठेवलेली गोष्ट एवढ्या अवधीनंतर जगभराच्या डेटाबेस-चालकांना नवी वाटावी, यातून मापनाच्या परंपरेतील पोकळी उघड होते.

भारनियमनाच्या प्रदेशातील मापन

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. पुढे ती इतरत्र पसरली आणि तहसील पातळीवर संगणकावरून सातबाराच्या प्रती मिळू लागल्या. नेमक्या त्याच काळात राज्यातील विजेची स्थिती ढासळत होती. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दहा-बारा तासांचे भारनियमन ही नित्याची बाब झाली. वसुली आणि गळती यांनुसार फिडरांचे गट पाडून तास ठरत, त्यामुळे अंबड, परतूर, मंठा, भोकरदन यांसारख्या तालुक्यांच्या वाट्याला शहरांपेक्षा अधिक काळोख येई. वेळापत्रकानुसार जाणारी वीज तितकी घातक नव्हती, कारण यंत्र आधी बंद करता येई. वेळापत्रकाबाहेर जाणारी वीज आणि थकलेली यूपीएसची बॅटरी हा खरा संकटयोग होता.

कार्यालयांत तेव्हा प्रामुख्याने विंडोज असे. विंडोज ९८ ची फाइल सिस्टीम किर्द ठेवत नसे. वीज परत आल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चालू झालेली त्या काळातील प्रत्येक कर्मचाऱ्याने पाहिली आहे. स्कॅनडिस्क डिस्कची चौकट दुरुस्त करते. कंस कोणाच्या नावाला होता, हे तिला ठाऊक नसते. एनटी परंपरेतील विंडोजची कॅश तुलनेने सावध आहे : तिचा लेखक-घटक दर सेकंदाला जागा होतो आणि राहिलेल्या पृष्ठांपैकी साधारण एक-अष्टमांश उतरवण्यासाठी रांगेत लावतो. तिची फाइल सिस्टीम चौकटीची किर्द ठेवते, मजकुराची नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उपलब्ध झाले आणि अभिलेख केंद्रीय सर्व्हरवर आले, तेव्हा तालुक्याच्या विजेचा प्रश्न मागे पडला. सर्व्हरच्या कॅशचा प्रश्न मात्र तत्त्वतः तोच आहे.

महाविद्यालयांतील अध्यापनात यातील फार थोडा भाग पोहोचतो. मॉरिस बाख यांचे १९८६ सालचे युनिक्सच्या रचनेवरील पुस्तक भारतात पुष्कळ वापरले गेले. त्यातील बफर कॅशच्या प्रकरणाच्या शेवटी यंत्र कोलमडल्यास डिस्कवरील माहिती चुकीच्या अवस्थेत राहू शकते, अशी स्पष्ट सूचना आहे. परंतु परीक्षेत बफर मिळवण्याचे पाच प्रसंग विचारले जातात आणि ही सूचना प्रकरणाच्या शेवटीच राहते. ढमढेरे, अच्युत गोडबोले अशा मराठी नावांच्या लेखकांची कार्यप्रणालीवरील पाठ्यपुस्तके देशभर वाचली गेली असताना मराठीतून मात्र या विषयावर लेखन जवळपास झालेले नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

प्रयोगशाळेत हे मापन अल्प साधनांत करता येते. लिनक्सच्या व्हीएमस्टॅट या यादीत दोन गणक असतात : एक कॅशमध्ये बदललेल्या पृष्ठांचा, दुसरा डिस्कवर उतरवलेल्या पृष्ठांचा. कामाच्या आधी आणि नंतर दोन्हींची वजाबाकी केली की परंपरागत गुणोत्तराचा एक अंदाज मिळतो. आधीच बदललेल्या पृष्ठावर पुन्हा झालेले लेखन मात्र पहिल्या गणकात वेगळे मोजले जात नाही. ब्लॉक किती वयाचा झाल्यावर उतरवायचा हा काळ मूलतः ३० सेकंद आणि उतरवणाऱ्याने जागे होण्याचा काळ ५ सेकंद असतो. हे दोन्ही बदलून गुणोत्तर कसे हलते ते पाहावे. हा झाला पहिला रकाना. दुसरा रकाना जोखमीच्या वयाचा : राहिलेल्या ब्लॉकांपैकी सर्वांत जुना किती सेकंदांचा आहे.

तिसऱ्या रकान्यासाठी आभासी यंत्र उपयोगी पडते, कारण ते वाटेल तेव्हा ‘वीज गेल्याप्रमाणे’ बंद करता येते. यजमान संगणकाची स्वतःची कॅश त्यात जात नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी. दोन फाइली घ्याव्यात, एक ‘फेरफार’ आणि दुसरी ‘सातबारा’. १ पासून १,००० पर्यंतचा प्रत्येक क्रमांक आधी पहिलीत आणि मग दुसरीत लिहावा, मध्येच यंत्र बंद करावे, पुन्हा सुरू करून दोन्ही फाइली ताडून पाहाव्यात. जे क्रमांक सातबारात आहेत पण फेरफारात नाहीत, त्यांची संख्या म्हणजे क्रमभंगाचे माप. हा प्रयोग दहा-वीस वेळा करून ती संख्या लिहावी. मग दोन लेखनांच्या मध्ये फेरफाराची फाइल डिस्कवर उतरवण्याची सक्त आज्ञा घालून पुन्हा मोजावे. क्रमभंग शून्यावर येतो. मात्र प्रत्येक क्रमांकासाठी डिस्कची निदान एक फेरी खर्ची पडत असल्याने ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर पूर्वी क्षणात संपणाऱ्या १,००० नोंदींना आठ सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि पहिल्या रकान्यातील गुणोत्तर कोसळते.